मायची उलटी प्रार्थना

फेब्रुवारी संपत आला की आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी फुलतात: घाटातला पळस आणि परीक्षा केंद्राबाहेरची गर्दी. पळस मला आवडतो. गर्दीबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला तिरस्कार म्हणणंही तिला मोठेपण दिल्यासारखं होईल. तिरस्कार करायला समोरचा निदान बरोबरीचा लागतो.

मी नांदुऱ्याला राहतो, भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी बारावीच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून वर्गात फेऱ्या मारतो. कुठल्या केंद्रावर, ते सांगत नाही. भिंतीवर चढलेले काके, मामे, भाऊ. खाली मोटरसायकल चालू ठेवून उभे असलेले त्यांचे दोस्त. गेटवर दरवर्षी कुणाचा तरी बाप पांढऱ्या कपड्यात हात जोडून उभा असतो आणि म्हणतो, "सर, जरा लेकरू समजून घ्या." लेकरू अठरा वर्षांचं असतं, त्याला दाढी आलेली असते, आणि मोज्यात गाईडची अर्धी पानं असतात. आत मी हात पुढे केला की ते माझ्याकडे असं बघतं, जणू मीच त्याच्या खिशात हात घातलाय.

याच दिवसांत आमचा, ख्रिस्ती लोकांचा, उपवासकाळ सुरू होतो. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे चाळीस दिवस. बाहेर हवा तापायला लागलेली असते, हरभरा सोंगणीला आलेला असतो, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडलेल्या असतात. मनुष्यानं स्वतःकडे खाली मान घालून बघावं असे हे दिवस. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र या दिवसांतल्या एका रविवारी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पुढे बोलावतात, त्यांची प्रवेशपत्रं टेबलावर ओळीनं मांडतात आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मुलं डोळे मिटतात. त्यांतल्या निम्म्यांना मी दोन दिवसांनी वर्गात डोळे उघडे ठेवून शेजाऱ्याच्या पेपरात बघताना पाहतो.

आणि मग साक्षी. कुणीतरी उठतं आणि सांगतं की माझ्या आईनं गुडघे टेकले म्हणून मला पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला. दुसरा सांगतो, आईनं एकवीस दिवस उपास केला आणि माझा व्हिसा आला. लोक म्हणतात, आमेन. वरच्या ऑफिसात आईची ओळख आहे, आणि ओळखीनं कामं होतात, एवढाच त्याचा अर्थ. तहसीलमध्ये जे चालतं तेच स्वर्गात चालतं असं मानणाऱ्या माणसांना देवाची गरजच काय, हे मला कधी कळलेलं नाही.

यंदा पाळकसाहेबांनी मलाच धरलं. "सर, येत्या रविवारी आईच्या प्रार्थनेवर पाच मिनिटं बोला. तुमची आई प्रार्थना करणारी बाई, सगळ्यांना माहीत आहे. जरा पॉझिटिव्ह सांगा."

पॉझिटिव्ह. मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत माझ्याच तोंडाची चव गेली. कारण माझ्या मायनं माझ्यासाठी जी प्रार्थना केली, ती ऐकायला कुठल्याही मंडळीत कुणी खुर्ची ओढून बसणार नाही.

आम्ही तेव्हा बीबीला होतो. गाव मोठं, बाजाराचं. ख्रिस्त्यांची घरं दोन, एक आमचं, दुसरं मामाचं. माझे बाबा शिंपी. माय अंगणवाडीत. तिचं नाव राहेल, पण गावाच्या जिभेला ते वळत नव्हतं, म्हणून ती राहीबाई झाली आणि राहीबाईच राहिली. मी शमुवेल, म्हणजे सामू. एकुलता एक. बाबांना मला इंजिनिअर करायचं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळे करायचे म्हणून.

बाबांच्या दुकानात फेब्रुवारी महिना फार घाईचा जायचा. लग्नाची शिलाई सुरू व्हायला वेळ असायचा, पण त्याआधी परीक्षेची शिलाई असायची. परीक्षेचे कपडे म्हणजे नवे कपडे नव्हेत. जुनी पँट घेऊन यायची आणि आत, कमरेच्या पट्टीखाली, चोरखिसा शिवून न्यायचा. चार बोटं रुंद, वर झाकण, बाहेरून हात फिरवला तर समजू नये असा. बाबांचा हात त्यात इतका बसला होता की शेजारच्या गावांतूनही पोरं यायची. दुकानाच्या भिंतीवर प्रभूचं चित्र होतं. बाबा त्या चित्राकडे पाठ करून मशीन चालवायचे. मशीनची जागाच तशी होती, पण मला आता त्याचं हसू येतं.

माझ्या बारावीच्या वर्षी त्यांनी माझ्या करड्या पँटला असाच खिसा शिवला. मला विचारलंही नाही. मीही काही म्हणालो नाही. मला अभ्यास जमत नव्हता असं नाही. मी तो केलाच नव्हता. सगळा गाव ज्या दारानं आत जातो ते दार उघडं असताना भिंतीला शिडी कोण लावतं? मला तेव्हा अभ्यास करणारी पोरं बावळट वाटायची.

पेपरच्या आधी दोन दिवस मायनं ती पँट धुवायला घेतली. पट्टीवरून तिचा हात फिरला, थांबला. तिनं खिसा उलटा करून पाहिला, परत आत घातला, पँट धुतली, पिळली, तारेवर टाकली. मी ओट्यावर बसून हे सगळं पाहत होतो. मला वाटलं, आता ती उसवणार. उसवला असता तर बाबांनी दहा मिनिटांत नवा शिवला असता आणि विषय संपला असता. तिनं तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीजवळ तिची प्रार्थना ऐकली. ऐकली म्हणजे, ती रोजच कानावर पडायची. गोणपाटावर गुडघे टेकून, पदर डोक्यावर घेऊन ती मोठ्यानं बोलायची. आमच्या इतर बायका प्रार्थना करायला लागल्या की एकदम पुस्तकात शिरायच्या. हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन. माय देवाशीही वऱ्हाडीतच बोलायची, जसं विहिरीवर शेजारणीशी बोलावं. मला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी ती म्हणत होती, "बापा, सामूच्या हातून खोटं व्हायले लागलं. त्याले खोट्यानं पास होऊ देऊ नको. त्याचं खोटं उघडं पाड, पन त्याले सोडू नको."

मी तिची प्रार्थना संपायचीही वाट पाहिली नाही.

"माय, लोकायच्या माया पास होवासाठी नवस बोलतात. तू नापास होवासाठी देवाच्या मागं लागली काय?"

तिनं डोळे उघडले. "नापास होऊ दे असं नाई म्हटलं मी. खोट्यानं पास होऊ देऊ नको म्हटलं."

"एकच झालं ते."

"एक नाई. पन तुले आज नाई समजनार."

"तुह्या अशा प्रार्थनेनं काई होत नाई," मी म्हणालो. "देवाले दुसरे कामं हायेत."

ती उठली आणि तवा ठेवला. मला भाकर वाढली. मी खाल्ली.

इंग्रजीचा पेपर छान गेला. खिशात होतं ते सगळं आलं. पर्यवेक्षक दारात उभं राहून बाहेरच्या माणसांशी गप्पा मारत होते. केंद्र आमच्या गावापासून तासाभराच्या चालण्यावर होतं. येताना मी मामाच्या मुलाच्या, विजयदादाच्या मोटरसायकलवर मागे बसून शीळ घालत आलो. विजयदादा चोवीस-पंचवीस वर्षांचा, त्यानं त्याच केंद्रावरून बारावी काढली होती आणि पुढच्या पेपरांना तो बाहेरून उत्तरं पुरवणार होता. घरी आल्यावर मी मायसमोर चोरखिसा बाहेर काढून दाखवला. रिकामा. "पाह्य," मी म्हणालो, "काई उघडं नाई पडलं." ती मूग निवडत होती. तिनं वर पाहिलं, खिशाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. परत खाली पाहून निवडायला लागली. त्या वेळी मला तिची कीव आली. कीव हा तिरस्काराचाच धुतलेला कपडा असतो, हे मला नंतर कळलं.

मग रविवार आला.

उपासनेला आम्ही काळीपिवळी जीपनं लोणारला जायचो. तिथं एका निवृत्त कंपाउंडर काकांच्या ओसरीत पंधरा-वीस माणसं जमायची. पेटी होती, तिचे दोन सूर वाजत नव्हते. तिथले पाळकसाहेब बाहेरगावाहून यायचे. त्यांचा भाचा जॉय माझ्याच केंद्रावर, माझ्या मागच्या बाकावर होता, आणि त्याची पँटही बाबांकडूनच गेली होती. त्या दिवशी पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवले आणि घवघवीत यश मागितलं. घवघवीत हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. माझी मावशी आमेन म्हणाली, बाबा आमेन म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आणखी कुणाची प्रार्थनेची विनंती आहे का?

माय उभी राहिली. ती कधी उभी राहायची नाही. बायकांमध्ये मागे, खांबाजवळ तिची जागा होती.

"माही एक विनंती हाय," ती म्हणाली. "सामूनं इंग्रजीचा पेपर पाहून लिवला. चोरखिसा त्याच्या बापानं शिवून देल्ला. मले मालूम होतं आन् मी गप राह्यली. आमच्या तिघायसाठी प्रार्थना करा."

आणि बसली.

मी पुढे उभाच होतो, पाळकसाहेबांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. तो हळूच उचलला गेला, गरम भांड्यावरून उचलावा तसा. जॉय स्वतःच्या चपलांकडे बघत होता. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते प्रार्थनेसाठी नव्हते मिटले. पाळकसाहेब खोकले. मग म्हणाले, "आपण गीत घेऊ." पेटी सुरू झाली. पंधरा-वीस प्रार्थना करणारी माणसं त्या ओसरीत होती; जिनं प्रार्थना मागितली होती तिच्यासाठी त्यांतल्या एकालाही प्रार्थना सुचली नाही. त्या दिवशी ज्यांना मी मनात शिव्या दिल्या त्यात ती माणसं नव्हती. सगळ्या शिव्या मायला होत्या.

बाहेर चपला घालताना मावशी तिला म्हणाली, "तू त्याची माय हायस का वैरीन?"

येताना जीपमध्ये आम्ही तिघं एका बाकड्यावर. बाबा बाहेर बघत बोलले, "तुले लाज कशी नाई वाटली?"

"वाटली," माय म्हणाली.

"मंग?"

"लाज वाटली म्हनून तं उभी राह्यली. नाई तं बसूनच राह्यली असती."

बाबा त्यानंतर तिच्याशी बोलणं सोडून बसले. मी तिच्या हातचं खाणं सोडलं. मामाकडे जेवायचो. मामी ताट वाढताना म्हणायची, देवधर्माचं लय झालं की बाईचं असं होते. मला ते बरं वाटायचं. अठराव्या वर्षी आईबद्दल वाईट ऐकताना जे सुख होतं, ते इतकं घाण असतं की मी त्याबद्दल अजून कुणाशी बोललेलो नाही.

भौतिकशास्त्राचा पेपर त्याच आठवड्यात होता. मी विजयदादाबरोबर गेलो. खिडकीजवळचा बाक होता माझा. पेपर हातात आला, पहिली घंटा झाली, आणि मी बाहेर पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे, पुलासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपावर, माय बसलेली.

ती चालत आली होती. उन्हात. अंगणवाडीला रजा टाकून. तिच्या आजूबाजूला जत्रा चाललेली होती. कुणी भिंतीवर चढत होतं, कुणी कागद दगडाला गुंडाळत होतं, कुणी आतल्या प्रश्नांची वाट बघत गाईड उघडून बसलं होतं. तिला ओळखणारा एक जण हसून म्हणाला, मला खिडकीतून ऐकू आलं, "राहीबाई, तुमी बी चिठ्ठी आनली काय?" ती तशीच होती: पदर डोक्यावर, हात मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

अर्ध्या तासानं विजयदादा खिडकीपाशी आला. गुंडाळलेला कागद आत पडला, माझ्या पायाजवळ. मी त्यावर पाय ठेवला. मग मी बाहेर मायकडे पाहिलं. मला तिनं बघायला हवं होतं. तिच्या देखत, तिच्या डोळ्यांत डोळे घालून मी तो कागद उचलणार होतो. तिच्या नाकावर टिच्चून कॉपी करायची, हे मी जीपमधल्या त्या संध्याकाळीच ठरवलं होतं.

तिचे डोळे मिटलेलेच होते. मी वाट पाहिली. ऊन पाइपावर आलं होतं. ती हलली नाही. ज्याच्यासाठी एवढी चालत आली त्याच्याकडे एकदाही तिनं पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर मी कॉपी केली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. पोलिसासारखं कुणी पहारा करत असलं की चोरी करायला बळ येतं. तिनं तो पहारा सोडूनच दिला होता. मला कुणाच्या तरी हवाली करून ती तिथं नुसती बसली होती, आणि ज्याच्या हवाली केलं त्याच्या डोळ्यांत डोळे घालायची माझी तयारी नव्हती.

मी पाय उचलला आणि टाचेनं कागद मागे ढकलला. मागून जॉयनं तो उचलला. त्याला त्या पेपरात फार चांगले मार्क पडले.

मला जे येत होतं ते मी लिहिलं. दोन सूत्रं, एका भिंगाची आकृती, आणि एक गणित जे निम्म्यात अडलं. अडीच पानं. उरलेला वेळ मी अडीच पानांकडे बघत बसलो. ती अक्षरं माझी होती, एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येत होतं. घमेंड वगैरे काही वाटली नाही. मी नापास झालोय हे मला तिथंच कळलं.

बाहेर आलो तर माय उभी होती. तिनं फडक्यातून भाकर आणि ठेचा काढला. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ते खाल्लं. पेपर कसा गेला हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विजयदादाला मी हातानंच जा म्हणून खूण केली आणि चालत निघालो, ती माझ्यामागे दहा पावलांवर. वाटेत हरभऱ्याची सोंगणी चालू होती. तिनं शेतातल्या बाईला विचारून अजून हिरवे राहिलेले डहाळे घेतले आणि आम्ही घाटे सोलून खात घरी आलो. हाताला लागलेली हरभऱ्याची आंबट चव मी बोटं चोखून चोखून घेत होतो. त्या दिवशीचं तेवढं एक मला जसंच्या तसं आठवतं.

उरलेले पेपरही मी माझे लिहिले. निकाल लागला तेव्हा बाकीच्यांत काठावर निघालो, भौतिकशास्त्रात नापास. बाबा तोवर मायशी जेवणापुरतं बोलायला लागले होते, ते पुन्हा बंद झालं. पण त्याच महिन्यात एकदा मी दुकानाच्या मागच्या खोलीत असताना एका गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं, पोराचं काय झालं. बाबा मशीन थांबवून म्हणाले, "एका विषयात बसला. पन त्याचा नापास खरा हाय. बाकीच्यायचे पास कसे हायेत ते मले मालूम हाय, मीच शिवले." गिऱ्हाईक हसलं. बाबांनी हे कौतुकानं म्हटलं की चिडून, हे मला कळलं नाही. त्यांना विचारायचं राहून गेलं आणि आता ते नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत मात्र त्यांनी एकही चोरखिसा शिवला नाही. पोरं दुसऱ्या शिंप्याकडे गेली.

इथं साक्ष देणाऱ्यांना टाळ्यांची जागा लागते. कॉपी करणारे बुडाले आणि मी वर आलो, असं सांगता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. तसं काही झालं नाही. विजयदादा रस्त्यांची कंत्राटं घेतो आणि सुखात आहे. जॉय एका शाळेत मुख्याध्यापक आहे आणि मूल्यशिक्षणावर भाषणं देतो. मी एक वर्ष मागे पडलो, इंजिनिअर झालो नाही. घरी बसून त्या वर्षी मी पहिल्यांदा भौतिकशास्त्राचं पुस्तक खरोखर वाचलं. ज्या गणितात मी अडलो होतो ते मला दिवाळीच्या सुमारास सुटलं. तेव्हा घरात कुणी नव्हतं, म्हणून मी ते अंगणात जाऊन कोंबड्यांना समजावून सांगितलं. तोच विषय आता शिकवतो. बस, एवढंच. याला कुणी चमत्कार म्हणत नाही.

परवाच्या रविवारी मी हे सगळं मंडळीत सांगितलं. पाच मिनिटांऐवजी पंधरा झाली. पाळकसाहेब घड्याळाकडे बघत होते. टाळ्या वाजल्या, पण त्या पाहुण्याच्या रटाळ भाषणाला वाजतात तशा. बाहेर चहा घेताना एक बाई जवळ आल्या आणि काळजीनं विचारलं, "पण सर, शेवटी देवानं काही दिलं की नाही?" मी त्यांच्याकडे पाहून हसलो. ज्या हसण्याला घरी माझी बायको घाबरते ते हसणं. त्या बाई कप ठेवायच्या निमित्तानं निघून गेल्या.

माय आता शहात्तर वर्षांची आहे. आमच्याकडेच असते. गुडघे गेले, त्यामुळे आता ती टेकत नाही, पलंगाच्या कडेला बसून प्रार्थना करते. मंडळीत यायला तिला जमत नाही. मी तिच्याबद्दल बोललो हेही मी तिला सांगितलं नव्हतं.

आज दुपारी रसायनशास्त्राचा पेपर होता. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती पुढच्या खोलीत मेथी निवडत होती. मी चहा घेत तिला सांगायला लागलो. अशा गोष्टी मी तिला जरा रंगवून सांगतो. तिला आवडत असतील असं मी धरून चाललो होतो.

"आज एक पोरगी धरली. ओढणीच्या टोकाले गाठ मारून चिठ्ठी ठेवली होती."

"मंग?"

"उभी केली सगळ्यायसमोर. म्हटलं, एवढीच अक्कल होती तं मायनं शेन थापाले ठेवाची होती घरी."

मायचा मेथीवरचा हात थांबला. "तिची माय कायले मधी आनली?"

"तुनंच शिकवलं हे," मी म्हणालो. "खोटं उघडं पाडावं लागते. लोणारले तू नाई का उभी राह्यली सगळ्यायसमोर?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या पेपराच्या दिवशी मी पाइपावर बसली होती, आठवते?"

"हाव."

"तुले वाटत असन, तुह्यासाठी प्रार्थना करून राह्यली होती. नाई. मी माह्यासाठी केली. पूरे तीन घंटे."

मी कप खाली ठेवला.

"लोणारले उभी राह्यली ना, ते बरोबरच केलं मी. पन घरी आल्यावर मले लय ताठा आला होता. मीच एक खरी, बाकी सगळे चोर. तुह्या बापाकडं पाह्यलं की मले वीट येई. तुह्या मावशीचा, त्या पाळकाचा. आन् तुहा बी. तुह्या तोंडाकडं पाहून मले वाटे, हे माह्या पोटचं हायच नाई. म्हनून डोये मिटून बसली. म्हटलं, बापा, हे काढ माह्यातून, तवरक मी माह्या पोराकडं पाहू शकत नाई."

माझ्यासाठी ती इतकी निश्चिंत बसली आहे, असं मी तीस वर्षं समजत होतो. त्या मिटलेल्या डोळ्यांवर मी परवा पंधरा मिनिटं बोललो होतो.

"मंग निघालं काय?" मी विचारलं.

"तू बाहेर आला तवा निघालं होतं. तुले भाकर देता आली." तिनं मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. दोन-तीन काड्या निवडल्या. "त्या पोरीचं नाव काय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मी तिच्या हातातून पेपर घेतला होता, अहवाल लिहिला होता, तिची सही घेतली होती. सही करताना ती पेन धरून थांबली होती आणि मी म्हणालो होतो, लवकर. सहीत काय लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं. वर्गात पंचवीस जण होते. त्यांतल्या एकाचंही नाव मला आलं नाही.

"नाव नाई मालूम," मी म्हणालो. "नंबर मालूम हाय. बैठक क्रमांक."

मायनं मेथी सुपात ठेवली, हात झटकले आणि पदर डोक्यावर घेतला.

"मंग नंबर सांग," ती म्हणाली.

मी सांगितला. तिला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून दुसऱ्यांदा, एकेक आकडा सुटा करून सांगितला.